बालवाडीच्या बाईंची पात्रता आणि नोंदणी
(मुंबई उपनगरांच्या उदाहरणावरून अभ्यासपाठ)

जून महिन्यात शाळा उघडली की पहिलीच्या वर्गात दोन प्रकारची मुले दिसतात. काही मुले आईचा हात सोडून सहज आत येतात, गोष्ट ऐकावयास मांडी घालून बसतात, तहान लागली तर सांगतात. काही मुले दाराशीच रडत उभी राहतात. किंवा मुकाट्याने बसतात, पाटी पुढे आली की अंग आखडून घेतात आणि चुकले तर मार बसेल अशा नजरेने शिक्षकांकडे पाहतात. अनुभवी शिक्षकाला ह्या फरकाचे कारण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत हे मूल कोणाच्या हाती होते, ह्या प्रश्नात त्याचे बरेचसे उत्तर असते.

पहिलीच्या शिक्षकाची पात्रता कायद्याने ठरलेली आहे. त्याचे प्रमाणपत्र तपासले जाते, त्याचे सेवापुस्तक असते, त्याच्या शाळेला मान्यता असते. परंतु त्याच्या हाती येण्यापूर्वीची तीन वर्षे मूल जिच्याजवळ असते, त्या स्त्रीची पात्रता कोणती असावी, तिची नोंद कोठे असावी, ह्याविषयी आपल्या समाजात फार काळ स्पष्टता नव्हती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० असे सांगते की, मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो. हे खरे मानले तर सर्वांत नाजूक काम सर्वांत कमी तपासणीने होत आले, असे म्हणावे लागते. प्रस्तुत पाठात ह्या प्रश्नाचा विचार अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ह्या मुंबईच्या उपनगरांच्या आधारे केला आहे. उपनगरांचे उदाहरण खेड्यातील शिक्षकांना दूरचे वाटू नये. आपल्या गावांतील अनेक कुटुंबे कामासाठी तेथे जातात आणि आपल्या शाळेत शिकलेल्या मुली तेथे बालवाडीत नोकरी शोधतात.

१. पूर्वपीठिका

आपल्या भागात बालशिक्षणाच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्याची कल्पना नवी नाही. गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक १९२३ साली त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ साली ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केला. मुलांसाठी बालमंदिर काढावयाचे तर ते चालविणाऱ्या शिक्षिका आधी घडवाव्या लागतात, हे त्यांनी सुरुवातीपासून ओळखले होते. म्हणून बालमंदिराच्या जोडीला अध्यापनाचे वर्ग चालविण्याची त्यांची रीत राहिली.

ह्या इतिहासात उपनगरांचाही एक दुवा आहे. १९४५ साली बोरिवली येथे कस्तुरबा स्मारक निधीच्या वतीने ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. तेथे ताराबाईंची आणि अनुताई वाघ ह्यांची गाठ पडली. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या होत्या आणि प्राथमिक शिक्षिकेचे काम करीत होत्या. त्याच वर्षी दोघींनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षण केंद्र सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रूढ झालेला शब्द ह्या प्रयोगातून आला. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये रुजले.

ह्या कथेतून पात्रतेविषयी दोन गोष्टी शिकावयास मिळतात. पहिली अशी की, बालकांचे काम केवळ मायेने होत नाही, त्यासाठी शास्त्र शिकावे लागते. दुसरी अशी की, शास्त्र शिकण्यास योग्य माणसे नेहमी विद्यापीठाच्या दारातून येत नाहीत. एका शिबिरात भेटलेल्या प्राथमिक शिक्षिकेतून देशाला मार्ग दाखविणारी बालशिक्षणतज्ज्ञ घडली. पात्रतेचे नियम करताना ह्या दोन्ही गोष्टी डोळ्यांपुढे असाव्यात.

२. नियमांचा क्रम

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात मुंबईतील धारावी व अमरावती जिल्ह्यातील धारणी ही तिची आरंभीची क्षेत्रे होत. अंगणवाडी सेविका स्थानिक असावी, हे तत्त्व तेव्हापासूनचे आहे. शिक्षणाची अट मात्र काळानुसार वाढत गेली. महाराष्ट्रात २ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयानुसार सेविका व मदतनीस ह्या दोन्ही पदांसाठी किमान बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक ठरले.

शाळेला जोडलेल्या पूर्वप्राथमिक वर्गांसाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या विनियमांत पात्रता सांगितली आहे. बारावीला किमान ५० टक्के गुण आणि पूर्वप्राथमिक शिक्षणाची किमान दोन वर्षांची पदविका, असे तिचे सामान्य स्वरूप आहे.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ बदलला आणि सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांचे संगोपन व शिक्षण करण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे निदेशक तत्त्व घातले. शिक्षण हक्क अधिनियम २००९ मात्र सहा ते चौदा वयाच्या मुलांचा आहे. तीन ते सहा वयासाठी त्यातील कलम ११ शासनाला आवश्यक ती व्यवस्था करता येईल, एवढेच म्हणते. त्यामुळे पहिलीच्या वर्गाला लागू असलेली कायदेशीर तपासणी त्याच इमारतीतील शिशुवर्गाला लागू होत नाही, अशी स्थिती निर्माण झाली.

२०१३ च्या राष्ट्रीय धोरणाने गुणवत्तेची मानके सांगितली. तीन ते सहा वयाच्या २० बालकांमागे एक प्रौढ व्यक्ती, तीन वर्षांखालील १० बालकांमागे एक, आणि ३० बालकांच्या गटासाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली, ही त्यांतील प्रमुख होत. प्रसूती लाभ अधिनियमात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ५० वा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने तीन ते सहा वयोगटाच्या खासगी केंद्रांना आपली माहिती शासनाच्या संकेतस्थळावर नोंदविण्यास सांगितले. केंद्राचे व्यवस्थापन, पटसंख्या, भौतिक सुविधा व कर्मचारी ह्यांची माहिती त्यात अपेक्षित आहे.

३. उपनगरांतील चित्र

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तीन तालुके आहेत. घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात. हा जिल्हा महानगरपालिकेच्या हद्दीत असल्यामुळे तेथे जिल्हा परिषद नाही. आपल्याकडे गावातील शाळा आणि अंगणवाडी ह्या दोन्ही जिल्हा परिषदेच्या छत्राखाली येतात आणि बहुधा एकाच आवारात असतात. उपनगरात तसे नाही. तेथे लहान मूल पुढील चारांपैकी कोठेतरी असते.

(अ) नागरी प्रकल्पाची अंगणवाडी. ही वस्तीतील भाड्याच्या खोलीत भरते. सेविकेची निवड शासकीय नियमांनी होते व तिची नोंद असते.

(आ) महानगरपालिकेच्या शाळेतील वा स्वयंसेवी संस्थेची बालवाडी. इमारतींच्या बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी १९७२ पासून मुंबईत चालत आलेली फिरती पाळणाघरे ह्या प्रकारात येतात. अशा संस्था आपल्या कार्यकर्त्यांना बहुधा स्वतःच शिकवितात.

(इ) खासगी शिशुवर्ग. मोठ्या शाळेच्या वर्गापासून इमारतीच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांपर्यंत ह्याची अनेक रूपे आहेत. पहिलीच्या शाळेला जशी मान्यता लागते तशी शिक्षण विभागाची मान्यता ह्या वर्गांना वर्षानुवर्षे लागत नव्हती. शिक्षिकेच्या प्रमाणपत्राची तपासणी संस्थाचालकाच्या इच्छेवर राहिली.

(ई) घरगुती पाळणाघर. शेजारची एखादी स्त्री चार-सहा मुले आपल्या घरी सांभाळते. घाटकोपर-असल्फ्याच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत हा प्रकार विपुल आहे. ह्याची नोंद बहुधा कोठेच नसते.

ह्या चौघींपैकी पहिलीवर सर्वांत अधिक नियम आहेत आणि चौथीवर जवळजवळ काहीच नाहीत. परंतु सर्वांत लहान आणि सर्वांत अधिक वेळ घराबाहेर राहणारी मुले चौथीकडे असतात. नियमांचा आणि गरजेचा असा व्यस्त संबंध हा ह्या विषयातील मुख्य दोष होय. २०१६ साली नवी मुंबईतील खारघर येथे एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला झालेली मारहाण चित्रीकरणामुळे उघड झाली आणि सारा महाराष्ट्र हादरला. चित्रीकरण नसते तर ती उघड झाली असती काय, हा प्रश्न पालकांनी आणि शिक्षकांनी स्वतःस विचारावयास हवा.

तथापि, नियम कडक केले म्हणजे काम झाले, असेही नाही. मानकाप्रमाणे ३० बालकांसाठी ३५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३७७ चौरस फूट खोली लागते. उपनगरांत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेखाली संपूर्ण कुटुंबाला मिळणारे घरच ३०० चौरस फुटांचे असते. अशा ठिकाणी मानक अक्षरशः लागू केले तर वस्तीतील बहुतेक खोल्या बंद पडतील. मग घरकामाला जाणारी आई धाकटे मूल कोणाजवळ ठेवील? ती ते थोरल्या मुलीजवळ ठेवील, आणि चौथीतील ती मुलगी शाळेत येणे बंद करील. ऊस तोडणीच्या वा वीटभट्टीच्या हंगामात आपल्या गावांत जे घडते, तेच तेथे बारा महिने घडेल. बालवाडीची पात्रता हा प्राथमिक शाळेच्या पटाचाही प्रश्न आहे, तो असा.

४. पात्रता म्हणजे काय

पात्रतेची तीन अंगे मानता येतात.

पहिले अंग ज्ञानाचे. मूल कोणत्या वयात काय करू शकते, हे ठाऊक असले पाहिजे. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बोटांचे स्नायू लेखणी धरण्यास तयार नसतात, हे जिला ठाऊक आहे ती त्याला माती, मणी, बिया व दोरा देईल. जिला ठाऊक नाही ती बाराखडी गिरवावयास लावील आणि न जमल्यास रागावेल. ह्या दुसऱ्या बाईचा हेतू वाईट नसतो, पालकांची मागणीच तशी असते. प्रा. राम जोशी ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पूर्वप्राथमिक प्रवेशासाठी मुलाखती घेऊ नयेत आणि ह्या वयात लेखनाचे ओझे लादू नये, असा विचार मांडला, त्याला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. तरी मागणी पुरती ओसरली नाही.

दुसरे अंग कौशल्याचे. गोष्ट सांगणे, गाणी घेणे, भांडण सोडविणे, भाजलेल्या बोटावर प्रथमोपचार करणे, अंगावरील संशयास्पद खुणा ओळखणे आणि बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमानुसार त्याची खबर देणे, ही कामे पुस्तक वाचून येत नाहीत. ती करून दाखवावी लागतात आणि करवून घ्यावी लागतात.

तिसरे अंग वृत्तीचे. दिवसातून दहा वेळा सांडलेले पाणी पुसताना जिचा आवाज चढत नाही, जी मुलाच्या घरच्या बोलीला हसत नाही, ती वृत्तीने पात्र होय. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील आणि आरे वसाहतीतील पाड्यांवर वारली घरांतील मुले आहेत. त्यांची बोली समजणारी बाई प्रमाण मराठी बोलणाऱ्या पदविकाधारक बाईपेक्षा पहिल्या दिवशी तरी अधिक उपयोगी असते. मात्र दुसऱ्या वर्षी तिलाही शास्त्राची गरज भासते.

प्रमाणपत्र पहिल्या अंगाची साक्ष देते, दुसऱ्याची काहीशी, तिसऱ्याची मुळीच नाही. म्हणून प्रमाणपत्र हा घराचा पाया समजावा, घर नव्हे. पण पाया नसला तर घर उभे राहत नाही, हेही तितकेच खरे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, घाटकोपरच्या एका वस्तीत एक आठवी शिकलेली बाई पंधरा वर्षे मुले सांभाळीत आहे. तिच्या हाताखालून गेलेली मुले आता महाविद्यालयात आहेत. उद्या बारावीची अट तिला लागू केली तर तिने काय करावे? राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत ह्याचे उत्तर दिले आहे. बारावी वा अधिक शिकलेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्या सेविकेसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुचविला आहे. काम न सोडता, दूरशिक्षणाने व महिन्यातून किमान एका प्रत्यक्ष वर्गाने तो पूर्ण करावा, अशी कल्पना आहे. तत्त्व उत्तम आहे. कोणाला बाहेर काढावयाचे नाही, सर्वांना वर आणावयाचे, असे ते तत्त्व आहे. पण ही शिडी अंगणवाडी सेविकेसाठी आहे. आपल्या उदाहरणातील बाई अंगणवाडीत नाही, म्हणून तिच्यासाठी शिडी नाही, अट मात्र येऊ शकते. अट आणि शिडी एकाच वेळी एकाच दारी पोहोचली पाहिजेत, ही ह्या पाठातील मध्यवर्ती गोष्ट होय.

पात्रतेबरोबर मोबदल्याचाही विचार हवा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत, असा निर्णय दिला. त्यांचे काम मन मानेल तेव्हा करावयाचे समाजकार्य नसून पूर्ण जबाबदारीची सेवा आहे, हे त्यातून मान्य झाले. जबाबदारी वाढवावयाची, परीक्षा घ्यावयाची, आणि मोबदल्याचा विषय आला की मायेचे गोडवे गावयाचे, हे न्यायाचे नाही.

५. नोंदणी म्हणजे काय

नोंदणी म्हटले की साध्या माणसाच्या मनात भीती उभी राहते. कोणी येईल, खोली मोजील, पैसे मागेल, बंद करील, असे त्याला वाटते. ही भीती नाहीशी केल्याशिवाय चौथ्या प्रकारची एकही पाळणाघरवाली आपले नाव सांगणार नाही. इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरी मोबदला घेऊन रोज दोन तासांहून अधिक वेळ परक्यांची लहान मुले सांभाळणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. त्यासाठी प्रथमोपचाराचे शिक्षण आवश्यक असते, घरातील प्रौढांची चौकशी होते आणि अधिकारी घर पाहून जातात. म्हणजे घरगुती केंद्राला शाळेचे सर्व नियम लावावे लागत नाहीत, परंतु ते नजरेबाहेरही राहत नाही.

आपल्याकडे नोंदणीचा क्रम तीन पायऱ्यांचा ठेवणे इष्ट ठरेल. पहिल्या पायरीवर केवळ माहिती द्यावी : केंद्र कोठे आहे, मुले किती, सांभाळणारे कोण. दुसऱ्या पायरीवर सुरक्षितता पाहावी : दाराला कडी, स्वच्छ पाणी, शौचालय, विस्तवापासून अंतर, घरात राहणाऱ्या प्रौढांची चौकशी. ह्या पायरीवर सवलत असू नये. तिसऱ्या पायरीवर पात्रता पाहावी आणि तिच्यासाठी मुदत व प्रशिक्षण दोन्ही द्यावीत. क्रम उलटा केला आणि आधी प्रमाणपत्र मागितले, तर माणसे पहिल्या पायरीवरच चढणार नाहीत आणि मुले अंधाऱ्या खोलीत तशीच राहतील.

६. गावच्या शिक्षकाचे कर्तव्य

ह्या सर्व विषयात खेड्यातील प्राथमिक शिक्षकाला करण्याजोगे बरेच आहे.

(१) बारावी झालेली गावची मुलगी बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम करावयाचा म्हणून सल्ल्यास येते. उपनगरांतील रेल्वेस्थानकांबाहेर अशा वर्गांच्या जाहिराती पुष्कळ लागलेल्या असतात. शिक्षकाने तिला तीन प्रश्न विचारावयास शिकवावे : अभ्यासक्रम किती मुदतीचा आहे? त्याला व त्या संस्थेला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे काय? प्रत्यक्ष मुलांमध्ये किती दिवस काम करावयास मिळेल? मान्यता नसलेल्या लहान अभ्यासक्रमातूनही काही कौशल्ये येतात, परंतु जेथे दोन वर्षांची पदविका मागितली जाते तेथे तो कागद चालत नाही. बापाने बैल विकून भरलेली फी अशा कागदावर जाऊ नये, एवढी काळजी शिक्षकाने निश्चित घ्यावी.

(२) आपल्या आवारातील अंगणवाडी सेविका प्रशिक्षण वा दूरशिक्षण घेत असेल तर तिला पुस्तके, संगणक व वेळ ह्यांचे साहाय्य करावे. धोरणाने ह्या मार्गदर्शनाचे काम समूह साधन केंद्राकडे सोपविले आहे. ते केंद्र म्हणजे अखेर शिक्षकच होत.

(३) पहिलीत येणाऱ्या मुलाला आधीच लिहिता येते काय, असे पालकांना व सेविकेला विचारू नये. ह्या एका प्रश्नाने बालवाडीतील माती व मणी कपाटात जातात आणि पाटी बाहेर येते. मूल आपले नाव सांगते काय, गोष्ट ऐकते काय, दुसऱ्या मुलाबरोबर खेळते काय, असे विचारावे.

(४) एखादे कुटुंब कामासाठी उपनगरात जात असेल तर थोरल्या मुलाच्या दाखल्याबरोबर धाकट्याचाही विचार करावा. जन्माचा दाखला, लसीकरणाची नोंद व अंगणवाडीतील नोंदीची प्रत आईजवळ द्यावी आणि नव्या वस्तीतील अंगणवाडी शोधण्यास सांगावे. धाकट्याला जागा मिळाली तर थोरलीची शाळा टिकते.

बोर्डीच्या अंगणात पहिले मूल येऊन बसले तेव्हा तेथे संकेतस्थळ नव्हते, विनियमही नव्हते. परंतु मुलाजवळ बसणारी व्यक्ती शिकलेली असावी, हा आग्रह होता आणि तिला शिकविण्याची तयारीही होती. नियम वाढत आहेत, हे चांगलेच आहे. ह्या दोहोंपैकी पहिली गोष्ट कागदावर आली आहे. दुसरी आपल्या सर्वांच्या हातून यावयाची आहे.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात तीन ते सहा वयाची मुले कोणकोणत्या ठिकाणी असतात? त्यांपैकी कोणत्या ठिकाणाची नोंद आहे व कोणत्या ठिकाणाची नाही?
२. पात्रतेच्या तीन अंगांपैकी प्रत्येकाची पारख करण्यासाठी एकेक साधी रीत सुचवा.
३. पंधरा वर्षे अनुभव असलेल्या, परंतु अट पूर्ण न करणाऱ्या बाईंच्या बाबतीत आपण कोणता निर्णय घ्याल? कारणे द्या.
४. गेल्या दोन वर्षांत धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी आपल्या शाळेतील किती मुलींची उपस्थिती कमी झाली, ते हजेरीपटावरून पाहा आणि संमेलनात सांगा.